मन्मथप्पांची परखी

आमच्या गल्लीतला एखादा चर बुजवला गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथप्पा अण्णा परखी घेऊन बाहेर पडायचे. परखी म्हणजे धान्याच्या पोत्यात खुपसून आतला नमुना काढायची पोकळ, टोकदार लोखंडी सळी. अण्णांची लातूरच्या मार्केट यार्डात आडत होती. सगळा जन्म तूर आणि सोयाबीन पारखण्यात गेला. वय झाल्यावर त्यांनी आडत बंद केली, तराजू विकला, गाद्या-लोड वाटून टाकले, परखी मात्र घरी आणली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगावर धुतलेलं पांढरं धोतर आणि हातात ती सळी, अशा थाटात ते चरावर उभे राहायचे आणि दोन्ही हातांनी ती खाली दाबायचे. मुठीपर्यंत आत गेली, की बाहेर काढून तळहातावर झटकायचे. काळी माती, प्लास्टिकचा तुकडा, कधी गुटख्याची पुडी. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "पोतं फुसकं हाय!"

झालं! आमच्या सकाळीचं मातेरं. मी अण्णांच्या समोरच राहते. क्लाससाठी लातूरला आलेल्या पोरापोरींची खानावळ चालवते. सकाळी पोळ्यांचा ढीग पडायचा असतो, डबे निघायचे असतात, आणि नेमक्या त्याच वेळी दारात अण्णा आणि ठेकेदाराचा सुपरवायझर यांची जुगलबंदी सुरू व्हायची. "अण्णा, वरून सिमेंट मारल्यावर काय दिसतंय हो?" असं तो म्हणायचा. "पोत्याच्या तोंडावर चांगलाच माल आसतो रे बाबा," अण्णा सांगायचे. "मी आडत्या हाय. तोंडावरचा माल बघून मी कधी बोली न्हाई लावली." या वाक्यानं तो सुपरवायझर किती वेळा कपाळाला हात लावून बसला असेल, देव जाणे. मीही बसले आहे. खोटं कशाला बोलू?

अण्णा पहिल्यापासून असे नव्हते. आडतीवर जायचे, घरी यायचे, सोमवारी गंगाक्कांना स्कूटरवर मागे बसवून गल्लीच्या टोकाच्या महादेवाला न्यायचे. गंगाक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. उदगीरकडच्या, बोलता बोलता कानडी शब्द पेरणाऱ्या, गोऱ्यापान आणि हसऱ्या. देऊळ चालत जाण्याइतकं जवळ, पण स्कूटरवर जायची दोघांना हौस. एका पावसाळ्यात गल्लीत केबलवाल्यांनी खोदलं, माती लोटली आणि निघून गेले. वरून सगळं सपाट दिसत होतं. सोमवारी स्कूटरचं चाक त्या सपाटीत गेलं आणि गेलंच. अण्णांना खरचटलं. गंगाक्कांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले, पुण्याच्या मुलानं मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. पण त्यानंतर गंगाक्का पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. घरात चाकांची खुर्ची आली.

अण्णा दाद मागायला गेले. केबलवाले म्हणाले, आम्ही रस्तादुरुस्तीचा आकार आधीच भरलाय, दुरुस्ती महापालिका करते. महापालिका म्हणाली, काम ठेकेदाराला दिलंय. ठेकेदार म्हणाला, मी केलेल्या रस्त्यात दुसऱ्यानं खोदलं की माझी हमी संपली. म्हणजे खड्डा होता, त्यात बाई पडली होती, हाड मोडलं होतं, फक्त खड्डा कुणाचाच नव्हता! अण्णा घरी येऊन माझ्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सुनंदाबाई, आमच्या यार्डात पोतं भिजलेलं निघालं तर ते कुणाचं, हे बैलालाबी ठाऊक आसतंय. हितं एवढा मोठा रस्ता, आन् धनी न्हाई." त्यानंतर ते कुठे दाद मागायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून परखी काढली.

त्यांची मागणी फार मोठी नव्हती. दर सोमवारी गंगाक्कांची खुर्ची ढकलत देवळापर्यंत न्यायची आणि परत आणायची. वाटेत कुठे हिसका बसता कामा नये, कारण हिसका बसला की गंगाक्कांच्या खुब्यातून कळ जायची. एवढंच. दाराच्या चौकटीपासून महादेवाच्या पायरीपर्यंत रस्ता सलग पाहिजे. एवढ्यासाठी या माणसानं आम्हा सगळ्यांना जेरीस आणलं.

मधे गल्लीत सिमेंटचा नवा रस्ता झाला, तेव्हा अण्णांनी नारळ फोडून सगळ्यांना पेढे वाटले. खुर्ची त्या रस्त्यावरून नुसती सळसळत गेली. गंगाक्का त्या दिवशी मोठ्यानं हसल्याचं मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं होतं. रस्त्याचं सिमेंट पुरतं जुनं व्हायच्या आत गॅसचा पाइप टाकणारे कटर घेऊन आले आणि मधोमध चिरत निघाले. मग इंटरनेटची वायर, मग पाण्याची नवी लाइन. एकाचं झालं की दुसरा. रस्ता करायच्या आधी या सगळ्यांना एकदा बोलावून विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही का हो? घरात फरशी बसवायची असली तर आपण आधी नळवाल्याला बोलावतो. आमच्या गावात आधी फरशी, मग नळवाला!

नियम आहे म्हणे. खोदणाऱ्यानं चरात मुरूम थराथरानं भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारायचं, धुम्मस करायचं म्हणजे ठोकून घट्ट बसवायचं, मग महापालिकेनं तपासायचं आणि शेवटी वरचा थर द्यायचा. कागदावर सगळं सोळा आणे. प्रत्यक्षात काय, तर खोदलेली काळी माती पायानं लोटायची, वर पत्र्याएवढं पातळ सिमेंट थापायचं. अण्णा सुपरवायझरला सांगायचे, "आरं, काळी माती पीक देती, रस्ता न्हाई देत. भिजली की फुगती, वाळली की बसती. मुरूम आन." तो म्हणायचा, मुरूम संपलाय. त्यावर अण्णांनी काय करावं? स्वतः मुरमाची ट्रॉली मागवली आणि आपल्या भिंतीला लागून ढीग मारून घेतला. "आता सांग, मुरूम न्हाई म्हून!" त्या ढिगावर गल्लीतली कुत्री झोपायची, वारा सुटला की धूळ थेट माझ्या भातात. मी किती वेळा म्हटलं असेल, "अण्णा, हा ढीग उचला, नाहीतर मी तुमच्या घरात आणून ओतीन." ते शांतपणे म्हणायचे, "लागतो, बाई. कधी ना कधी लागतो."

धुम्मस करायचं लोखंडी ठोकणंही त्यांनी खाजाभाईंकडून करून घेतलं होतं. खाजाभाईंचं वेल्डिंगचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. अण्णांवर त्यांचा जीव, पण तोंड माझ्यासारखंच फटकळ. "अण्णा, तुम्ही रस्त्याची इतकी काळजी करून राहिले, एवढी कुणी जावयाची करत नाही," असं म्हणत म्हणत त्यांनी त्या ठोकण्याला जाड पट्टी लावून दिली. पुढे खोदाईवाले आले की अण्णा घरातली लाकडी खुर्ची बाहेर टाकायचे, ठोकणं शेजारी उभं करायचे आणि बसायचे. मजुरांना चहा द्यायचे, त्यांची गावं विचारायचे, कुणी रेणापूरचा निघाला की तिकडच्या पिकाची चौकशी करायचे. पण कुणी पाणी न मारता दुसरा थर टाकायला लागला की ओरडायचे, "साकु! साकु!" साकु म्हणजे कानडीत पुरे. मजूर त्यांना साकुअण्णाच म्हणायला लागले.

एकदा मात्र त्यांनी कहर केला. पाण्याच्या लाइनचं काम चाललं होतं. जुनी लाइन तोडलेली, नवी जोडायची. अण्णांची आणि सुपरवायझरची मुरमावरून जुंपली. अण्णा म्हणाले, आधी मागचा चर नीट भर, मग पुढचा खोद. सुपरवायझर तापट होता. त्यानं माणसं गोळा केली, टेम्पोत बसवली आणि गेला निघून. आता आली का पंचाईत! लातूरला पाणी ही काय चीज आहे, हे लातूरकराला सांगायला नको. आधीच नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी येणार, आणि आलेलं पाणी चरात. सगळी गल्ली अण्णांच्या दारात. मी सगळ्यांत पुढे. "अण्णा, पोरांची ताटं तुमच्या परखीनं घासू का? उद्या परीक्षा आहेत त्यांच्या, उपाशी पाठवू?" मी चांगलीच कडकडले. अण्णा ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, "पानी आज न्हाई आलं तर उद्या टँकर येतो, बाई. रस्ता बसला की माणूस न्हाई उठत."

आतून गंगाक्कांचा आवाज आला. "अवं, तिच्या पोरांला पानी द्या आधी. मग करा भाषण."

अण्णांनी आपल्या बोअरला पाइप जोडला आणि माझ्या टाकीत सोडला. नंतर गल्लीतल्या प्रत्येक घराला, लाइन जोडली जाईपर्यंत. बोअरचं पाणी आटत आलं तरी मोटार बंद केली नाही. स्वतः मात्र आंघोळीला अर्धी बादली घ्यायचे, असं गंगाक्कांनी मला नंतर सांगितलं. एवढं करूनही गल्लीनं त्यांना माफ केलं नाही. बरेच दिवस लोक त्यांच्याशी तुटक बोलायचे. मीसुद्धा. पाणी घ्यायचं त्यांचंच आणि तोंड फिरवायचं त्यांच्यापासूनच, अशी आपली तऱ्हा.

शेवटी मीच म्हटलं, रोज रोज रस्त्यावर भांडण्यापेक्षा एकदा महापालिकेत जाऊन सोक्षमोक्ष लावू. अण्णा परखी घेऊनच निघाले. दारावरच्या शिपायानं विचारलं, हे काय? अण्णा म्हणाले, "अर्ज." अभियंतासाहेब तरुण होते, सभ्य होते, थकलेले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "अण्णा, खोदायची परवानगी आमच्याकडून जाते. बुजवायचं काम ठेकेदाराकडे. तपासणीला दुसरा विभाग. त्यांच्याकडे सगळ्या शहराला माणसं किती, तुम्हीच बघा."

अण्णांनी परखी टेबलावर आडवी ठेवली. "म्हंजे मुलगी एकानं पसंत केली, आक्षता दुसऱ्यानं टाकल्या. साहेब, नांदवायचं कुणी?"

साहेबांना हसू आवरेना. पण माणूस भला निघाला. त्यांनी आमच्या गल्लीपुरता आदेश काढला, की रहिवाशांसमोर थर भरून दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघणार नाही. काय सांगू, त्या काळात आमची गल्ली बघण्यासारखी होती! चर भरले की परखी बोटभरसुद्धा आत जायची नाही. अण्णांचा चेहरा नव्या वाणाची तूर आल्यासारखा. सोमवारी खुर्ची देवळात सुरळीत जायची. मग साहेबांची बदली झाली. नवीन साहेब आले. त्यांना आदेश दाखवला तर म्हणाले, हा त्यांनी काढलेला, मी बघतो. ते अजून बघतायत.

यंदा पुन्हा एका कंपनीनं खोदलं. अण्णांच्या दारापुढूनच आडवा चर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाइप यायचाय म्हणून तसाच उघडा ठेवला. माणसांनी फळी टाकून ये-जा करायची. खुर्ची फळीवरून कशी जाणार? ओळीनं सोमवार चुकले. अण्णा रोज फोन लावायचे. पलीकडून रोज एकच उत्तर, गाडी निघालीय. गंगाक्का म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या की. देव काय पळून चाललाय?" अण्णा म्हणायचे, "देव न्हाई पळत गं. आपण थकून चाललो." एका दुपारी जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. गंगाक्का शेजारीच खुर्चीत होत्या. त्यांना वाटलं, झोप लागली.

सकाळी मुलगा पुण्याहून आला. अण्णा लिंगायत. त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. अंगाला विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन, मांडी घालून बसवतात आणि केळीचे खुंट बांधलेल्या विमानातून नेतात. विमान दारात ठेवलं होतं. अण्णा त्यात ताठ बसलेले, गळ्यात हार, तोंड रस्त्याकडे. समोर तो उघडा चर. मला तर बघवेना. त्या कंपनीच्या नावानं तोंडात येतील त्या शिव्या आल्या.

विमान उचलायची तयारी झाली, तेव्हा गंगाक्का म्हणाल्या, "मी देवळापत्तर येणार." दर सोमवारी ज्या वाटेनं त्यांना अण्णा नेत, त्या वाटेनं एकदा अण्णांच्या मागून जायचं होतं त्यांना. मुलगा म्हणाला, "आई, आम्ही चौघं तुला खुर्चीसकट उचलतो."

"उचलून न्हाई. त्यांनी मला कधी उचलून न्हेलं न्हाई. चाकावर येईन." आणि त्यांनी खुर्चीचे ब्रेक लावले.

विधीला आलेले स्वामी घड्याळाकडे बघत होते. मुलगा म्हणाला, "आई, उशीर होतोय, असा हट्ट नको." मग खाजाभाई पुढे झाले. त्यांनी टोपी नीट केली, अण्णांच्या भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि मुरमाच्या ढिगात घातलं. तोच ढीग, जो मी उचला उचला म्हणून कावले होते. बघता बघता सगळी गल्ली लागली. पाण्यावरून अण्णांना नको ते बोललेली माणसं पांढऱ्या कपड्यांनिशी घमेली उचलायला लागली. कुणीतरी घाईघाईत निम्मा चर एकदम भरायला निघालं, तर तीन-चार जण एकदम ओरडले, "साकु! साकु! पाणी मारा आधी!" मी खानावळीच्या टाकीतून बादल्या भरून आणल्या. एक थर, पाणी, धुम्मस. परत थर, परत पाणी. अण्णा समोर बसून होते. हार हलत होता वाऱ्यानं, आणि मला सारखं वाटत होतं, की आता ओरडतील, आता ओरडतील. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही येत होतं. असला वैताग माणूस मेल्यावरही कामाला लावतो!

चर भरून झाला. गंगाक्का म्हणाल्या, "परखी आना."

मी आतून आणून दिली. खुर्चीत बसल्या बसल्या, वाकून, दोन्ही हातांनी त्यांनी ती मुरमावर टेकवली आणि दाबली. गेली नाही. पुन्हा सगळा जोर लावून दाबली. नाही गेली. त्यांनी परखी मांडीवर आडवी ठेवली, ब्रेक सोडले आणि विमानाकडे बघून म्हणाल्या, "चला आता."

खुर्ची हिसका न बसता पलीकडे गेली. देवळापर्यंत गेली.

अण्णांची गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं. पण हे आमचं गाव. पुढच्याच आठवड्यात कंपनीची गाडी पाइप घेऊन आली. सुपरवायझर नवा, त्याला काहीच माहीत नाही. माझ्याच अंगावर आला, "चर कुणी बुजवला? कुणाच्या परवानगीनं?" मी म्हटलं, बाबा, परवानगी देणारा गेला. तो बडबडत राहिला आणि मजुरांना म्हणाला, काढा उकरून. एकानं पहार मारली. पहार उडाली. दुसऱ्यानं मारली, त्याचीही उडाली. मजूर घाम पुसत माझ्याकडे वळला. "बाई, हे कुणी भरलं हो? लई कडक भरलंय. पहार लागंना."

गंगाक्का दारात खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर परखी. त्यांनी मला हाक मारली.

"सुनंदा, मालकांनी भरून घेतलं म्हनावं," त्या म्हणाल्या. "आन् त्याला सांग, मी हितंच बसलेय. जसं हाय तसं भरून दे."